पाहुण्या नटाचं वय नको, काम मोजा

प्रति,
मा. संपादक,
स.न.वि.वि.

उतारवयातही उमेदीनं काम करणाऱ्यांवर आपल्या रविवारच्या पुरवणीत आलेला लेख वाचला. त्यात सत्तरीत मॅरेथॉन धावणाऱ्या आजी, ऐंशीत पोहणारे आजोबा आणि ‘९८व्या वर्षी एमी मिळवणारे’ अमेरिकन नट डिक व्हॅन डाइक एकाच रांगेत उभे केले होते. (एमी म्हणजे अमेरिकेतला दूरचित्रवाणीचा मानाचा पुरस्कार.) आजी-आजोबांना माझा नमस्कार. पण व्हॅन डाइक यांना एमी कशाबद्दल मिळालं, कोणत्या भूमिकेला, कोणत्या विभागात, यावर लेखात अवाक्षर नव्हतं. वाचणाऱ्याला वाटावं की वय बघून शाल-श्रीफळ दिलं असेल. शेजारच्या चौकटीत तर ‘जीवनगौरव’ असंच छापलं होतं. ते चूक आहे, आणि माझ्या मते किरकोळ चूक नाही.

तो पुरस्कार ७ जून २०२४ ला लॉस एंजेलिसमध्ये दिला गेला. विभाग होता दिवसाच्या दैनंदिन मालिकेतल्या पाहुण्या कलाकाराचा. मालिका ‘डेज ऑफ अवर लाइव्हज’, भूमिका स्मृती गेलेल्या एका वृद्धाची, टिमथी रॉबिशो नावाच्या. मोजक्या भागांचं काम. समोर स्पर्धेत हॉलिवूडमध्ये नाव कमावलेला गाय पिअर्ससारखा नट होता. म्हणजे परीक्षकांनी काम पाहून दिलेलं बक्षीस आपण वयाच्या खात्यात जमा केलंत.

अमेरिकेतल्या दुपारच्या मालिकांचं इथे सांगलीत बसून मला काय कळतं, असं आपण विचाराल. मुलगी न्यू जर्सीत एडिसनला असते. तिच्याकडे सहा महिने राहिलो, तेव्हा दुपारची जेवणं उरकून भांडी मशीनला लावली की मी आणि सौ. ‘जनरल हॉस्पिटल’ लावून बसायचो. मला निम्मं इंग्रजी डोक्यावरून जायचं. सौ.ला मात्र पहिल्या आठवड्यातच सगळ्या घराण्यांची वंशावळ पाठ झाली. (नव्वदच्या दशकात केबलवर ‘सांता बार्बरा’ आणि ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’ पाहिलेल्यांना ही दुनिया नवी नाही. तेव्हा कुणी दार वाजवलं की आम्ही आधी चॅनेल बदलायचो आणि मग कडी काढायचो.)

तिथे रात्रीच्या कार्यक्रमांची एमी वेगळी, दिवसाची वेगळी. दिवसाच्या एमीचा स्वतंत्र सोहळा १९७४ पासून होतो. दिवसाच्या मालिकांना ‘सोप’ म्हणतात ते साबणवाल्या कंपन्यांच्या पैशांवर त्या उभ्या राहिल्या म्हणून. त्यातली ‘गायडिंग लाइट’ १९३७ साली रेडिओवर सुरू झाली, १९५२ ला दूरचित्रवाणीवर आली आणि २००९ ला थांबली. बहात्तर वर्षं! ‘जनरल हॉस्पिटल’ १९६३ पासून चालू आहे. अशा घरात पाहुणा म्हणून शिरायचं म्हणजे काय, याचा विचार करून पाहा.

आठवड्याला पाच भाग काढायचे असतात. दिवसाला निदान एक भाग हातावेगळा व्हावाच लागतो, त्यामुळे तालमीला वेळ नसतो आणि रिटेकची चैन परवडत नाही. घरच्या नटांना ते अंगवळणी पडलेलं असतं. कोण कुठे उभा राहतो, कोण वाक्य गाळतो, कॅमेरा कुठून येतो, हे त्यांना झोपेतही ठाऊक. पाहुणा मात्र सकाळी येतो, रंगपट विचारत विचारत शोधतो, आणि वीस वर्षं एकमेकांचे नवरा-बायको असलेल्या दोघांसमोर उभा राहून ‘मी तुझा बाप’ असं काहीतरी सांगतो. आणि प्रेक्षकाला ते त्याच क्षणी पटावं लागतं. घरच्या नटाचा एखादा प्रवेश फसला तर उद्याचा भाग असतो. पाहुण्याला उद्या नसतो.

त्या धंद्यात ‘अंडर फाइव्ह’ असा एक शब्द आहे. ज्याच्या वाट्याला पाचापेक्षा कमी ओळी, तो अंडर फाइव्ह, आणि त्याचं मानधनही त्याच हिशेबानं. मला हा शब्द कळला तेव्हा पहिल्यांदा हसू आलं, मग जरा आत लागलं. बँकेतली नोकरी सांभाळून मी बारा-तेरा वर्षं राज्य नाट्य स्पर्धेत कामं केली. पोस्टमन, हवालदार, वराचा मामा. आयुष्यभर अंडर फाइव्हच की! एका प्रयोगात दुसऱ्या अंकात तार घेऊन माझी एन्ट्री होती आणि तार विंगेतच राहिली. खिशात हात घातला तर एस.टी.चं तिकीट हाताला लागलं. तेच नायिकेच्या हातात दिलं. ती बाई ते वाचून अशी काही कोसळली की प्रेक्षागृह सुन्न झालं. रौप्यपदक तिला मिळालं, आणि ते योग्यच होतं. पण ती कोसळली तेव्हा तिच्या पुढ्यात कुणीतरी तोंड पाडून उभं होतं, एवढंच माझं म्हणणं.

पाहुण्याच्या कामाची हीच अडचण आहे. तो चांगला वठला की घरचा नट उजळतो, आणि टाळी घरच्याला पडते. म्हणून त्याला स्वतंत्र विभाग हवा.

अमेरिकेत हे त्यांना फार आधी सुचलं होतं. १९८० साली दिवसाच्या एमीत छोट्या पाहुण्या भूमिकेसाठी एक विभाग काढला. नामांकनांत ऑस्कर मिळवलेली जोन फाँटेन होती, सॅमी डेव्हिस ज्युनिअर होता. दोघेही नावावरच गर्दी खेचणारे. आणि जिंकला कोण, तर ह्यू मॅकफिलिप्स. नाव ऐकलंय? मीही नव्हतं ऐकलं. त्याचीही मालिका ‘डेज ऑफ अवर लाइव्हज’च. ही हकीकत वाचली त्या रात्री मला मनापासून बरं वाटलं. परीक्षक मंडळींनी एकदा तरी नावाकडे पाठ फिरवून कामाकडे पाहिलं होतं. तो विभाग मात्र टिकला नाही. पुढे २०१५ साली पाहुण्या कलाकाराचं दालन पुन्हा उघडलं, तेव्हा पहिल्याच वर्षी दोघांना विभागून द्यावं लागलं: ‘जनरल हॉस्पिटल’साठी डॉना मिल्स आणि ‘द बोल्ड अँड द ब्यूटिफुल’साठी विनोदी नट फ्रेड विलर्ड.

मोठ्या नावांनी दुपारच्या मालिकेत येण्याची हौस जुनी आहे. १९८१ च्या नोव्हेंबरात ‘जनरल हॉस्पिटल’मध्ये ल्यूक आणि लॉरा या पात्रांचं लग्न लागलं, सुमारे तीन कोटी लोकांनी ते पाहिलं, आणि त्या लग्नात शाप द्यायला खुद्द एलिझाबेथ टेलर आली. पैशासाठी आली नव्हती. तिला ती मालिका आवडायची म्हणून आली. ‘ग्रेज अ‍ॅनाटॉमी’तली चंद्रा विल्सनही त्याच मालिकेची भक्त, वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या भूमिकांत येऊन गेली. हे मला गोड वाटतं. सोपला नाकं मुरडणारे नट आपल्याकडे कमी नाहीत. पण हौसेनं येणाऱ्या मोठ्या नटाला दारापासून टाळ्या मिळतात, त्याला ती परकी हवा सोसावी लागत नाही. बक्षीस देताना हा फरक लक्षात घ्यावा की नाही?

खरी गोची पुढेच आहे. पाहुणा म्हणायचं कुणाला? आपल्याकडे म्हण आहे, पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पै, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई. अमेरिकेतल्या पुरस्कारवाल्यांना ही म्हण कुणीतरी भाषांतर करून पाठवायला हवी. ज्या सोहळ्याचा हंगाम संपामुळे लांबून डिसेंबर २०२३ वर गेला, त्यात पाहुण्या कलाकाराचं एमी अ‍ॅली मिल्सला मिळालं. ‘जनरल हॉस्पिटल’मधली हेदर वेबर ही खुनशी बाई तिनं झकासच केली. माझी तक्रार अभिनयाबद्दल नाही. पण ही बाई कितीतरी महिने त्या गावात माणसं मारत हिंडत होती. इतके दिवस मुक्काम ठोकणाऱ्याला आम्ही पाहुणा म्हणत नाही, त्याला रेशनकार्डावर चढवतो.

उलट बाजूचाही दाखला आहे. २०१८ साली एका डिजिटल मालिकेतल्या अभिनेत्रीला पाहुण्या कलाकाराचं एमी जाहीर झालं आणि मग परत घेतलं गेलं, कारण ती त्या मालिकेत आधीही दिसली होती. म्हणजे नियम आहेत. पण डिजिटल मालिकेत आधी दिसलेली बाई पाहुणी ठरत नाही, आणि दुपारच्या मालिकेत महिनोन्‌महिने राहिलेली ठरते. गाय पिअर्सचंच घ्या. ऑस्ट्रेलियाच्या ‘नेबर्स’मध्ये तो १९८६ साली पोरसवदा वयात आला, तिथेच घडला, आणि इतक्या वर्षांनी त्याच भूमिकेत परतला तर नामांकन पाहुण्याचं. माहेरी आलेल्या लेकीला पाहुणी म्हणावं का, हा वाद आमच्या घरी दिवाळीत दरवर्षी होतो, त्यामुळे मी त्यात पडत नाही.

रात्रीच्या एमीत हंगामाच्या निम्म्याहून कमी भागांत दिसलेला तो पाहुणा, असा हिशेब आहे. आठ-दहा भागांच्या मालिकेला तो ठीक. दुपारच्या मालिकेचे वर्षाला अडीचशेच्या आसपास भाग निघतात, त्यांच्या निम्मे म्हणजे सव्वाशे! मला विचाराल तर दहा भागांची मर्यादा घालावी. त्याच्या पुढे गेला की तो सहायक कलाकार, त्याला त्या विभागात पाठवा. मग चार दिवसांसाठी आलेल्या, कुणी न ओळखणाऱ्या नटाला संधी राहील.

तशी संधी आधीच आटत चालली आहे. ‘ऑल माय चिल्ड्रेन’ २०११ ला गेली, ‘वन लाइफ टू लिव्ह’ २०१२ च्या जानेवारीत, आणि मोठ्या वाहिन्यांवर चारच मालिका उरल्या. त्यातली ‘डेज’ २०२२ ला वाहिनी सोडून इंटरनेटवर गेली. २०२५ च्या फेब्रुवारीत ‘बियाँड द गेट्स’ ही नवी सुरू झाली तेव्हा कुठे घरात पाळणा हलल्यासारखं झालं. खर्चाला कात्री लागते तेव्हा पहिली गदा अंडर फाइव्हवर येते. वेटर दिसतच नाही, कॉफी आधीच टेबलावर असते. पुढच्या वेळी आपण कोणतीही मालिका पाहाल तेव्हा बघा, आपल्याकडच्याही. पाहुणे आले तर दार उघडायला गडी येत नाही, सूनच जाते.

आमच्या मराठी वाहिन्यांच्या सोहळ्यांत सासू, सून, जोडी, कुटुंब अशी बक्षिसं असतात. त्यात दोन भागांपुरत्या आलेल्या वकिलाला, भटजीला, पोलीस पाटलाला कुणी एखादं सन्मानचिन्ह दिलं तर मी इथून टाळी वाजवीन.

आपल्याकडे मागणं एवढंच, की ‘जीवनगौरव’ या शब्दाची दुरुस्ती छापावी आणि भूमिकेचं नाव द्यावं. जमल्यास आणखी एक ओळ. ज्या जॉन ब्लॅकच्या कथेत व्हॅन डाइक यांचा हा पाहुणा आला, त्या जॉनची भूमिका ड्रेक होगेस्टिन हे नट १९८६ पासून करत होते. त्या एमीनंतर चार महिन्यांच्या आत, सप्टेंबर २०२४ मध्ये ते वारले. सत्तरीचे होते.

आपला,
एक वाचक, सांगली

ता.क. पत्र वाचून सौ.नं सांगितलं, की तिकीट एस.टी.चं नव्हतं, तिनं आणायला सांगितलेल्या किराण्याची यादी होती. नायिकेनं ती वाचली होती.