‘फुटबॉल युद्ध’ आणि फुटबॉलची पुस्तकं

मा. संपादक,

सामन्यांची वार्तापत्रं एकत्र बांधली की जागतिक फुटबॉलवरचं पुस्तक तयार होतं, असा समज अनेक तरुण क्रीडापत्रकारांत दिसतो. तो खोडायला 1969 चं एक प्रकरण पुरेसं आहे.

त्या जूनमध्ये विश्वचषक पात्रता फेरीत होंडुरास आणि एल साल्वादोर हे मध्य अमेरिकेतले शेजारी देश तीनदा भिडले. तेगुसिगाल्पा या आपल्या राजधानीत होंडुरास 1-0 ने जिंकलं, एल साल्वादोरची राजधानी सान साल्वादोरमध्ये यजमान 3-0 ने आणि 27 जूनला मेक्सिको सिटीत जादा वेळेत एल साल्वादोर 3-2 ने. 14 जुलैला युद्ध पेटलं, ते सुमारे शंभर तास चाललं. ‘फुटबॉल युद्ध’ हे नाव त्याला कायमचं चिकटलं. पण मूळ कारण फुटबॉल नव्हतं. होंडुरासमध्ये तेव्हा तीन लाखांच्या आसपास साल्वादोरी स्थलांतरित होते आणि जमीन सुधारणेच्या नावाखाली त्यांतल्या अनेकांना हुसकावलं जात होतं. हे कळायला दोन्ही राजधान्यांतली त्या महिन्यांची वर्तमानपत्रं वाचावी लागतात, तीही स्पॅनिशमध्ये. एकाच बाजूची वाचली, तर लेखक नकळत त्या बाजूचा होतो.

म्हणून आधी भाषा शिकावी. दुभाषा उत्तरं गुळगुळीत करून देतो. मुलाखत मूळ भाषेत रेकॉर्ड करून भाषांतर दुसऱ्याकडून तपासून घ्यावं. सामन्यानंतर मिक्स्ड झोनमध्ये, म्हणजे बाहेर पडणाऱ्या खेळाडूंना पत्रकार गाठतात त्या जागेत, खेळाडू दोन वाक्यं बोलून निघून जातो. निवृत्त खेळाडू, क्लबचे जुने सचिव निवांत बोलतात, मात्र त्यांची आठवण नोंदींशी ताडल्याशिवाय छापू नये. 1950 च्या ब्राझील-उरुग्वे लढतीला आजही सर्रास ‘अंतिम सामना’ म्हटलं जातं. प्रत्यक्षात तो चार संघांच्या साखळीतला निर्णायक सामना होता आणि ब्राझीलला बरोबरीही पुरली असती. ही चूक एका पुस्तकातून दुसऱ्यात सहज जाते.

फुटबॉलवर लिहिणारे पत्रकार सायमन कूपर यांनी 1994 मध्ये आलेल्या ‘फुटबॉल अगेन्स्ट द एनिमी’ या पुस्तकासाठी 22 देश पालथे घातले. एवढा प्रवास प्रकाशकाच्या पैशांत क्वचितच बसतो. आगाऊ रक्कम बहुधा करार, हस्तलिखित आणि प्रकाशन अशा हप्त्यांत मिळते, आणि ती विक्रीतून वळती होईपर्यंत रॉयल्टी सुरू होत नाही. त्यामुळे नोकरी घाईने सोडू नये. वृत्तपत्राच्या दौऱ्याला दोन-चार दिवस जोडून पुस्तकाचं काम करावं.

विश्वचषकाचा मुहूर्त धरायचा, तर हस्तलिखित कित्येक महिने आधी द्यावं लागतं. तोवर प्रशिक्षक बदलतो, कर्णधार जायबंदी होतो. संघनिवडीवर बेतलेली प्रकरणं आराखड्यातूनच वगळावीत.

– एक क्रीडापत्रकार