जमैकातलं एक घर, आतून

महोदय,

जमैका म्हटलं की आपल्याला क्रिकेट आणि बॉब मार्ली आठवतात. कवयित्री सफिया सिंक्लेअर यांचं २०२३ मध्ये आलेलं 'हाऊ टू से बॅबिलॉन' हे आत्मकथन वाचलं आणि तिथलं एक घर आतून दिसलं. माँटेगो बेच्या विमानतळालगतच्या कोळीवाड्यात बालपण गेलेली ही मुलगी. वडील रेगे संगीतकार, कडवे रास्ताफारी, म्हणजे जटा राखणाऱ्या जमैकातल्या एका धर्मपंथाचे. घरात त्यांचाच शब्द चाले. मुलींनी दागिना घालायचा नाही, उलट बोलायचं नाही. डोक्यावरच्या जटांवरून शाळेत चिडवलं जाई, पण त्या कापायचं नाव काढायची सोय नव्हती. आईनं मात्र हातात कविता दिल्या. पुढे एकोणिसाव्या वर्षी सफिया जटा कापते, तिथे मी पुस्तक मिटून बराच वेळ नुसती बसून राहिले. जट कापली तर कोप होईल, या धाकात जगणाऱ्या बायका आपल्याकडेही आहेत.

रास्ताफारींनीही कमी सोसलेलं नाही. १९६३ मध्ये कोरल गार्डन्स इथं काही रास्ताफारी आणि पोलिसांत झालेल्या हिंसक चकमकीनंतर त्यांची सर्रास धरपकड आणि मारहाण झाली. सरकारनं माफी मागितली ती २०१७ मध्ये.

आपल्या वाचनालयांनी हे पुस्तक जरूर मागवावं. कविता लिहिणाऱ्या मुलींच्या हाती तर आधी द्यावं.

– एक वाचक, सातारा