कांड्या कोणी भरल्या?

संपादक महोदय,

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या नागपूरवर जे जे छापून येतं त्याची कात्रणं मी जपून ठेवते. भोसल्यांचे वाडे झाले, सीताबर्डीचा किल्ला झाला, जुम्मा तलाव झाला. एम्प्रेस मिल तर किती वेळा आली. जमशेटजी टाटांनी 1 जानेवारी 1877 ला ती सुरू केली हे आता शाळेतली मुलंही सांगतील. पण तांडापेठ, पाचपावली, नाईक तलावाच्या गल्ल्यांमधले हातमाग? ते या जुन्या नागपुरात मला अजून सापडले नाहीत. म्हणून हे पत्र.

2019 च्या उन्हाळ्यात मी स्कॉटलंडला, ग्लासगोला मुलीकडे होते. दिवसभर घरात बसून कंटाळलेली पाहून ती म्हणाली, "आई, चल, तुला कोष्ट्यांचं गाव दाखवते." आगगाडीनं जेमतेम पंधरा मिनिटं. गावाचं नाव पेझली. आपल्या लुगड्याच्या काठावरच्या कुयरीला इंग्रजीत पेझली म्हणतात ते या गावावरून! काश्मिरी शाली तिकडे पोचल्या, पण त्या घेणं थोड्यांनाच परवडे. तेव्हा साधारण 1805 पासून या गावच्या मागांवर त्यांच्या नकला निघू लागल्या. पुढं 1870 नंतर बायकांच्या पोशाखाची तऱ्हा बदलली आणि शाली मागं पडल्या. कुयरी आपली, नाव त्यांचं, याचा मला आधी रागच आला होता. गावात फिरल्यावर तो उरला नाही. रस्त्यांची नावं पाहा: कॉटन स्ट्रीट, सिल्क स्ट्रीट, गॉझ स्ट्रीट आणि शटल स्ट्रीट. शटल म्हणजे मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा आपला धोटा. धोट्याच्या नावाचा रस्ता! त्या पाटीखाली उभी राहून मी लेकीकडून फोटो काढून घेतला.

तिथं विणकराचं एक जुनं घर जपून ठेवलं आहे. आत लाकडी माग. माहिती देणाऱ्या बाईंनी सांगितलं की मागाच्या खोलीला मातीचीच जमीन ठेवत, ओल राहिली की सूत तुटत नाही. मी लेकीला म्हटलं, यांना सांग, आमचे वडील, बापू, याच कारणानं जमिनीतल्या खड्ड्यात बसवलेल्या मागावर बसायचे आणि वैशाखात भिंतीला ओलं पोतं लावायचे. बाईंनी मला मागाच्या फळीला हात लावू दिला. हात घासून घासून लाकूड जिथं गुळगुळीत होतं, तिथंच ते झालेलं होतं.

आम्ही गेलो तो जुलैचा पहिला शनिवार होता. त्या दिवशी पेझलीत 'स्मॉ शॉट'चा सण असतो. शालीच्या रंगीत बाण्याला, म्हणजे आडव्या धाग्यांना, धरून ठेवायला एक बारीक सुती धागा घालावा लागे, तो स्मॉ शॉट. तो नसला तर शाल उसवायची, पण शालीत तो दिसायचा नाही. दिसत नाही म्हणून मालक त्याचे पैसे देत नसत. विणकरानं तो पदरच्या पैशानं घालायचा. विणकर बरीच वर्षं भांडले आणि 1856 मध्ये मालकांना ते पैसे द्यावे लागले. तेव्हापासून त्या धाग्याच्या नावानं सुटी. मधे काही वर्षं बंद पडली होती, 1986 पासून पुन्हा सुरू झाली. पुढं ढोल, मागं लेकराबाळांसकट मिरवणूक, आणि शेवटी मालकाचा पुतळा जाळतात.

मिरवणूक पाहताना मला माझी माय दिसत होती. पहाटे चूल पेटायच्या आधी आणि रात्री भांडी घासून झाल्यावर ती चरख्यावर कांड्या भरायची, म्हणजे धोट्यात बसणाऱ्या छोट्या नळ्यांवर सूत गुंडाळायची. लाल, हिरव्या, मोतिया. सूत सरकून सरकून तिच्या तर्जनीवर बारीक रेघ पडली होती, पीठ मळताना तिथं पीठ अडकायचं. आतून बापूंची हाक यायची, "कांडी सरली व!" आणि ती हातातलं टाकून उठायची. कांडीशिवाय धोटा चालत नाही, धोट्याशिवाय लुगडं नाही. पण हप्त्याला व्यापारी पैसे मोजायचा ते नगावर, बापूंच्या हातात. काठ जरा वाकडा दिसला की त्यातूनही कापायचा. एकदा बापूंनी भीत भीत विचारलं, कांड्यांचे काही? उत्तर मिळालं, "ते तर घरचंच काम." वहीत मायचं नाव कधी चढलं नाही. आम्ही बहिणीही भरायचो. चौथीतल्या माझ्या वहीवर सुताचा रंग लागलेला असायचा.

पेझलीचं वैभवही टिकलं नाही. शालींनंतर गाव शिवणाच्या दोऱ्यावर जगलं. मायच्या डब्यात जहाजाच्या नांगराचं चित्र असलेली रिळं असायची. त्या अँकर छापाची मूळ गिरणी तिथलीच, नदीकाठी. ती बंद पडून आता तिथं फ्लॅट आहेत. आपली एम्प्रेसही 2002 मध्ये बंद झाली, तिच्या जागी मॉल उभा आहे. दोन्हीकडे भोंगा गेला. पण त्यांच्याकडे त्या न दिसणाऱ्या धाग्याचं नाव लहान पोरांनाही ठाऊक आहे.

माझी विनंती एवढीच. माग चालवलेली आणि कांड्या भरलेली माणसं आपल्या गल्ल्यांमध्ये अजून आहेत, बहुतेक सत्तरीपुढची. आपल्या बातमीदारानं त्यांच्याकडे बसून त्यांच्या शब्दांत लिहून घ्यावं, पुरवणीत दर आठवड्याला अर्धं पान द्यावं. आणि घरातल्या म्हाताऱ्या बाईला आधी विचारावं, कारण ती आपण होऊन सांगणार नाही. मायचा चरखा माझ्याकडे आहे, चाक अजून फिरतं. बातमीदार आले तर कांडी कशी भरतात ते मी स्वतः भरून दाखवीन.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, तांडापेठ, नागपूर