रापणीवरच्या गजाली नोंदवा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

सिंधुदुर्ग किल्ल्याच्या पर्यटनावरचा आपल्या रविवारच्या अंकातील लेख वाचला. किल्ल्यातल्या दूधबाव, दहीबाव, साखरबाव या विहिरी, पद्मगड, स्कूबा, माशांचे जेवण, सगळे त्यात आले. ज्यांच्या होड्यांतून पर्यटक किल्ल्यावर जातात, त्या गाबीत मच्छीमारांच्या गजालींबद्दल, म्हणजे गप्पांत रंगणाऱ्या गोष्टींबद्दल, मात्र एक ओळ नाही. मालवण, दांडी, देवबाग, सर्जेकोट या पट्ट्यात वाढलेल्या माणसाला हे टोचते, म्हणून लिहीत आहे.

आमच्याकडे गजाल रंगते ती रापणीवर. होडीतून जाळे अर्धवर्तुळात सोडायचे आणि दोन्ही टोकांचे दोर किनाऱ्यावरून माणसांनी ओढायचे, हे तासन्‌तासांचे काम. पण त्याआधी मासळीची वाट पाहत मांगराच्या, म्हणजे जाळी-होड्या ठेवायच्या खोपीच्या, सावलीत बसणे असते. म्हातारे बोलायचे ते तेव्हा. खाडीच्या मुखाशी रात्री हाक मारून माणसाला खोल पाण्यात ओढणारा गिरो त्यात असायचा. १६६४ मध्ये कुरटे बेटावर किल्ल्याचे काम सुरू झाले, त्याआधी ती जागा हेरून इनाम मिळवणारे चार कोळी असायचे. काळोखात खडक चुकवून होडी आत आणणारा कुणाचा तरी पणजोबाही असायचा. ऐकणारी पोरे मध्येच "मगे?" विचारायची आणि सांगणारा तिथून नवे वळण घ्यायचा.

या गोष्टींत करमणुकीइतकीच कामाची माहिती असे. किनाऱ्यावरचे कुठले देऊळ कुठल्या माडाच्या रेषेत आले की होडी वळवायची, उधाणाला कुठला खडक पाण्याखाली जातो, भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, कुठून वाट मिळते, हे पोरगा गोष्ट ऐकता ऐकता शिकायचा. किल्ल्याभोवतीचा समुद्र खडकाळ आहे. इथे चुकीला माफी नाही. आता होडीवर जीपीएस आहे आणि ते असायलाच हवे. पण नोव्हेंबर २००९ मध्ये फयान चक्रीवादळ आले, तेव्हाच्या गजाली आजही किनाऱ्यावर आहेत. वारा मागून आला, लाटेचा ताल आधी बदलला, असे सांगणारे आहेत. ती माहिती कुठल्याही यंत्रात साठवलेली नाही.

रापणी कमी होत चालल्या आहेत. पर्ससीन, म्हणजे मासळीच्या थव्याला वेढणाऱ्या मोठ्या जाळ्याच्या, मासेमारीवर शासनाने २०१६ मध्ये निर्बंध घातले, तरी किनाऱ्याजवळची मासळी पूर्वीसारखी राहिलेली नाही, हे कोणीही रापणकर सांगेल. तरुण पर्यटनाच्या होड्या चालवतात. त्यांना दोष देणे अन्यायाचे होईल, घर चालवायचे असते. शिमग्यातले फाग टिकले, कारण त्यांच्यामागे सण आहे. दशावताराला रंगमंच आणि जत्रा आहेत. गजालीला फक्त रापण होती.

म्हणून विनंती आहे. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, होड्या वर ओढलेल्या असतात, म्हातारे जाळी सांधत घरात सापडतात. शाळाही जूनच्या मध्यात उघडतात. सातवी-आठवीच्या मुलांनी वाडीतल्या एका आजोबाची किंवा आजीची एक गजाल मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावी, आणि त्यात आलेल्या खडकांची, वाऱ्यांची नावे वहीत उतरवावीत. आजी मुद्दाम लिहिले. बाजारात मासळी विकणाऱ्या बायकांच्या गजाली वेगळ्या असतात आणि त्या आजवर कोणी विचारलेल्याही नाहीत.

महोत्सवाच्या मंचावर माइक देऊन म्हाताऱ्यांना पाच मिनिटे बोलायला लावणे मात्र कृपया नको. तिथे "मगे?" विचारणारे कोणी नसते आणि ते प्रमाण भाषेत बोलू लागतात.

आपल्या दैनिकाने पावसाळ्यातले दोन महिने रविवारी पाव पान या गजालींना द्यावे. त्या मालवणीतच छापाव्यात, सांगणाऱ्याच्या वाडीच्या उल्लेखासह. दांडी आणि देवबागमधल्या काही गजाली लिहून पाठवण्याची जबाबदारी मी घेते.

आपली,
एक वाचक, मालवण