ज्यांची नावं विचारायची राहून गेली, त्यांचे आभार

आमच्या मुलाला लेश-नायहान सिंड्रोम आहे. १९६४ साली वर्णन झालेला हा दुर्मीळ आनुवंशिक आजार बहुतेक मुलग्यांनाच होतो. एचपीआरटी नावाचं एन्झाइम जवळजवळ नसतं, युरिक ॲसिड वाढतं. ते औषधाने आटोक्यात येतं, पण स्वतःचे ओठ आणि बोटं चावणं औषधाने थांबत नाही. आणि वेदना त्याला आपल्याइतकीच होते. चावतो आणि रडतो. हे पहिल्याच भेटीत ओळखणाऱ्या दंतवैद्य ताई, तुमचे आभार. “असं करू नकोस” हे वाक्य तुम्ही एकदाही उच्चारलं नाहीत. तो स्वतःच “हात बांधा” म्हणाला, तेव्हा दचकला नाहीत. हात धरलेले असले की त्याला सुरक्षित वाटतं, हे आम्हाला कितीजणांना समजवावं लागतं!

दात काढणं हा एक मार्ग होताच. काही मुलांच्या बाबतीत तोच योग्य ठरतो. तुम्ही आधी माउथगार्ड, म्हणजे दातांवर बसवायचं संरक्षक आवरण, करून पाहू म्हणालात. भूल देऊन माप घेतलं, त्याच वेळी किडलेली दाढही भरली. भुलेआधी त्याच्या मूत्रपिंडांची चौकशी करणारे भूलतज्ज्ञ, गार्डची टोचणारी कड न कुरकुरता पुन्हापुन्हा घासून देणारे लॅबमधले दादा आणि त्याच्या शिव्या (त्याही आजारातल्याच) हसून झेलणाऱ्या सिस्टर, तुम्हा सर्वांचे मनापासून आभार.

ओठाची जखम भरली आहे. कायमचे दात येतील तेव्हा नवं माप लागेल. पुन्हा तुमच्याकडेच येऊ.