गाडी उत्तम, पण एसीचं ऐक

देवगड,
२१ जून

प्रिय विनू,

सप्रेम नमस्कार.

तुझा प्रश्न एका ओळीचा, 'अण्णांसाठी तुझ्यासारखीच गाडी घ्यायचं चाललंय, कशी आहे?' फोनवर सांगायला बसलो असतो तर तू मध्येच 'बरं बरं' करून फोन ठेवला असतास. शाळेपासूनची तुझी खोड. म्हणून लिहूनच काढतो.

गाडी चांगली आहे. ॲव्हरेज देते, घाटात दम खात नाही, आणि अण्णांच्या गुडघ्यांना चढा-उतरायला सोपी पडेल. पण एसीने आमचा जो छळ मांडला होता तो आधी वाच, मग चेक फाड.

गाडीला वर्षही व्हायचं होतं. आंब्याच्या गडबडीत हिच्याच प्रथम लक्षात आलं, की नांदगाव तिठ्यावर गाडी थांबली की एसीतून नुसता वारा येतो आणि चालू लागली की परत गार. पुढे मे महिन्यात आईला डोळ्यांसाठी कोल्हापूरला नेलं, तर फोंडाघाट चढेपर्यंत गारवा पार गेला. डॅशबोर्डच्या आतून बारीक 'स्स्स' असा आवाज. आई शांतपणे म्हणाली, "यापेक्षा एसटी बरी, खिडकी तरी उघडी असते." आठ लाखांच्या गाडीत बसून हे ऐकायचं!

हायवेवरच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्ये नेली. तिथल्या पोराने बॉनेट उघडलं न उघडलं तोच निदान सांगितलं, "गॅस कमी झालाय सर, भरून देतो." भरला. वर बिलही लावलं, कारण म्हणे गॅस कन्झ्युमेबल, म्हणजे वापरून संपणारा आहे, वॉरंटीत धरत नाहीत. किती भरला विचारलं तर "फुल्ल केलाय सर". थोडे दिवस बरे गेले आणि ये रे माझ्या मागल्या.

आता हे नीट लक्षात घे, कारण सगळी मेख इथेच आहे. एसीचा गॅस पेट्रोलसारखा जळत नाही की संपत नाही. कॉम्प्रेसर तो दाबतो, पुढच्या जाळीमागचा कंडेन्सर त्याची उष्णता बाहेर टाकून त्याचा द्रव करतो, मग एक्स्पान्शन व्हॉल्व्हमधून तो एकदम मोकळा होतो आणि डॅशबोर्डमागच्या इव्हॅपोरेटरमध्ये उकळताना आतल्या हवेची उष्णता ओढून घेतो. तिथून परत कॉम्प्रेसरकडे. बंद रिंगण. घरच्या फ्रिजमध्ये दरवर्षी गॅस भरतो का आपण? गाडीत रबरी नळ्या असतात, इंजिनाची थरथर असते, त्यामुळे वर्षानुवर्षांत थोडाफार झिरपतो, हे मान्य. पण वर्षाच्या आत एसी बसण्याइतका कमी झाला तर तो कुठून तरी गळतोय. गळती न शोधता गॅस भरणं म्हणजे बिल फाडायचा धंदा.

मग बाजारातल्या एसीवाल्याकडे गेलो. म्हापशाला काम शिकून आलेला पोरगा आहे, बोलतो कमी. त्याने पुढची जाळी बॅटरी मारून न्याहाळली आणि मला खाली वाकायला लावलं. कंडेन्सरच्या खालच्या नळीच्या जोडावर बोटाच्या पेराएवढा तेलकट डाग, आणि त्यावर आपली तांबडी माती बसून झालेला चिकटा. बाकी सगळी नळी कोरडी. त्याने वाटीत साबणाचा फेस केला आणि दाढीच्या जुन्या ब्रशाने जोडावर लावला. आधी काहीच नाही. मग एका बाजूने बारीकसा बुडबुडा आला, फुगत फुगत वाटाण्याएवढा झाला आणि फुटला. त्याच्या मागोमाग दुसरा.

"ह्या बघा," तो म्हणाला. "गॅस संपणा नाय ओ, खंयसून तरी जाता. गॅसावांगडा तेल फिरता, ता पण भायर येता. म्हणान धूळ चिकटली." मी म्हटलं, बदलून टाक मग जोडातली रबरी रिंग. तर हात पुसत म्हणतो, "मी हात लावणंय नाय. वॉरंटी आसा, त्येंकाच करूक लावा." आयतं आलेलं काम परत पाठवणारा माणूस! मी बुडबुड्याचा व्हिडिओ काढून घेतला.

दुसऱ्या फेरीला सर्व्हिस सेंटरात खरी जुगलबंदी झाली. आधी म्हणाले, हायवेचं काम चाललंय, दगड लागला असेल, ते वॉरंटीत नाही. मी म्हटलं, दगड लागला तर कंडेन्सरचे पत्रे वाकतील, खळगा पडेल, दाखवा कुठे आहे. नव्हताच. मग म्हणाले, तुम्ही समुद्राकाठी राहता, खाऱ्या हवेने होतं. खाऱ्या हवेने होतं हे खरंच आहे, विनू. ॲल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांवर पांढरी पूड धरते आणि मग ते झडायला लागतात, पण त्याला वर्षं जावी लागतात. म्हणून मी विचारलं, "गाडी विकताना पत्ता देवगडचाच घेतला होतात ना? तेव्हा का नाही बोललात?" त्यावर एक हसला, दुसऱ्याने साहेबांना बोलावलं. साहेब आले ते थेट म्हणाले, डॅशबोर्ड खोलून इव्हॅपोरेटर बघावा लागेल. अरे, नव्या गाडीचा डॅशबोर्ड एकदा खोलला की पुढे जन्मभर खुडखुड ऐकत बसा! व्हिडिओ पुढे केला आणि सांगितलं, आधी हा जोड तपासा, मग डॅशबोर्डाचं बोलू.

आणि सगळं जॉबकार्डावर, म्हणजे त्यांच्या कामाच्या नोंदीच्या कागदावर, लिहून मागितलं. तोंडी काही नाही. त्यांच्याकडे मशीन असतं, ते आतला गॅस ओढून घेतं आणि वजन पडद्यावर दाखवतं. बॉनेटखालच्या स्टिकरवर आमच्या गाडीला ४५० ग्रॅम आर-१३४ए गॅस लिहिलंय. निघाला २६०. हे आकडे कार्डावर आल्यावर सूर एकदम बदलला. जोड खोलला तर ओ-रिंग एका बाजूने चिमटलेली, म्हणजे बसवतानाच तिरपी बसलेली. नवी घातली, नायट्रोजनचा दाब देऊन तपासलं, अर्धा तास व्हॅक्यूम लावला (आत दमट हवा राहिली तर कॉम्प्रेसरच्या तेलाला बाधते, आणि आपल्याकडे हवा दमटच), दाबाचा काटा हलत नाही हे मला दाखवलं आणि मग मोजून ४५० ग्रॅम भरला. रिंग, गॅस, मजुरी, सगळं वॉरंटीत.

पहिल्या बिलाचे पैसे मात्र द्यायला तयार नव्हते. एक वॉशिंग फुकट देतो म्हणाले. मी बिल आणि जॉबकार्ड जोडून कंपनीला मेल टाकला, खाली लिहिलं की आठवड्यात उत्तर नाही आलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंद करीन आणि पुढे ओरोसला जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, दोन वर्षांची मुदत असते, आणि पाच ते दहा लाखांच्या वस्तूला फी फक्त २०० रुपये. पैसे खात्यावर आले. वॉशिंगही करून घेतलं, सोडतो काय!

मधल्या काळात डावीकडच्या मॅटखाली पाणी साचायचं, ते वेगळंच. इव्हॅपोरेटरचं पाणी बाहेर सोडणाऱ्या नळीच्या तोंडाशी कुंभारीण माशीने मातीचं घर केलं होतं. तारेने काढलं, झालं.

तू म्हणशील अण्णा कुठे एसी लावतात. उन्हाळ्यात नाही लावणार, पण पावसात लावावाच लागेल. आंबोलीत धुक्यात काच आतून धरली की एसीशिवाय ती सुटत नाही, कारण एसी हवेतलं पाणी काढून घेतो. त्या वेळी हवा बाहेरची घ्यायची, आतलीच फिरवत ठेवली तर काच आणखी धरते. हे अण्णांना तूच सांग, माझं ऐकणार नाहीत.

गाडी घेतलीत तर डिलिव्हरीच्या दिवशी दुपारी एसी लावून बघायचा. काचा बंद, हवा आतलीच, थंडावा पूर्ण, आणि मधल्या जाळीत साधा थर्मामीटर. आमच्या गाडीत आता चालताना सात-आठ अंश दाखवतो. थांबल्यावर थोडा चढला तर चालेल, पण वीसला टेकला तर सही करू नकोस. मग पावसाळा संपला की पुढच्या जाळीवर गोड्या पाण्याचा साधा पाइप मारायचा. सर्व्हिसिंगवाल्याचा प्रेशर पंप नको, पत्रे आडवे होतात.

तारीख ठरली की कळव. मी थर्मामीटर घेऊन कुडाळला येतो, तिथून बरोबर जाऊ. वहिनींना नमस्कार.

तुझा,
बाळ्या

ता. क. अण्णांना काळा रंग आवडलाय असं ऐकलं. मे महिन्यात अंगणात उन्हात उभी करणार असतील तर पांढरी घ्यायला लाव.