आई, तो ॲम्ब्युलन्सचा आवाज नव्हता

ती. आई, बाबा,
सा. न.

फोनवरच बोलणार होते, पण फोनवर आई तू "जेवलीस का, झोपलीस का" विचारतेस आणि मी "हो गं, सगळं ठीक आहे" म्हणून मोकळी होते, आणि जे सांगायचं असतं ते राहूनच जातं. म्हणून लिहितेय. मोठं होणार आहे पत्र. बाबा, तुम्ही आईला वाचून दाखवा, आणि मध्येच थांबून आधी स्वतःचं मत सांगू नका, शेवटपर्यंत वाचा.

मागच्या महिन्यात आई तू विचारलं होतंस की मागे कसला आवाज येतोय, आणि मी म्हटलं होतं ॲम्ब्युलन्स जातेय. ते खोटं होतं. एअर रेडचा सायरन होता आणि मी कॉरिडॉरमध्ये जमिनीवर भिंतीला टेकून बसून तुझ्याशी बोलत होते. इथे युक्रेनमध्ये, कीवला सगळेच दोन भिंतींचा नियम पाळतात, म्हणजे आपण आणि बाहेर यांच्यामध्ये निदान दोन भिंती असायला हव्यात, पहिली स्फोटाचा धक्का घेते आणि दुसरी काचा आणि तुकडे अडवते. वेळ असला तर लोक मेट्रोत उतरतात, इथलं आर्सेनाल्ना स्टेशन शंभर मीटरहून जास्त खोल आहे, पण बॅलिस्टिक मिसाईल असेल तर हातात जेमतेम काही मिनिटं असतात, तेवढ्यात कुठलं स्टेशन, म्हणून कॉरिडॉर.

हे आत्ताच का सांगतेय, तर दिवसभर मी युद्धगुन्ह्यांच्या केसेसमधल्या लोकांच्या जबाबांवर बसलेली असते, इथल्या वकिलांना परत परत सांगते की साक्षीदाराने स्वतः डोळ्यांनी पाहिलं ते वेगळं लिहा आणि शेजाऱ्याकडून ऐकलं ते वेगळं लिहा, आणि संध्याकाळी तीच मी स्वतःच्या आईला सायरनला ॲम्ब्युलन्स म्हणून सांगते. हे आता मला सहन होत नाहीये.

बाबा, तुम्ही दोनतीनदा विचारलंत की तू तिथे नक्की करतेस काय, सरकारी वकील आहेस का. नाही. केस इथल्या सरकारी वकिलांची असते, सही त्यांची, कोर्टात उभे तेच राहतात. मी सल्लागार. त्यांच्या फौजदारी कायद्यात कलम ४३८ आहे, युद्धाचे कायदे आणि रूढी मोडल्याबद्दलचं, शिक्षा ८ ते १२ वर्षं, आणि मुद्दाम खून केला असेल तर १० ते १५ वर्षं किंवा जन्मठेप. कलम तसं छोटंसं आहे, पण त्यात अख्खे जिनिव्हा करार, म्हणजे युद्धात नागरिकांना, जखमींना आणि कैद्यांना संरक्षण देणारे नियम, बसवायचे असतात, आणि ज्यांनी आयुष्यभर चोरी, खून, लाचलुचपत अशा केसेस चालवल्या त्या वकिलांसमोर फेब्रुवारी २०२२ नंतर सव्वा लाखाच्या वर युद्धगुन्ह्यांच्या नोंदी येऊन पडल्या. त्या मानाने निकालापर्यंत पोचलेल्या केसेस अगदी थोड्या आहेत. आमच्यासारखे बाहेरून आलेले लोक मग फाईल वाचतात, आधीच्या खटल्यांचे निकाल काढून देतात, आरोपपत्राचा ड्राफ्ट बघतात, आणि बहुतेक वेळा सांगतात की हे अजून सिद्ध होत नाही.

हेच सांगणं सगळ्यात जड जातं. माझ्या केसेसबद्दल काही सांगता येत नाही, पण समजा एका इमारतीवर मिसाईल पडलं आणि माणसं गेली. टीव्हीवर बघणाऱ्याला वाटतं उघड गुन्हा आहे, अजून काय पाहिजे. कायद्याला मात्र विचारावं लागतं की इमारतीत किंवा शेजारी सैनिक होते का, शस्त्रांचा साठा होता का, असेल तर हल्ला करणाऱ्याला नागरिकांचं किती नुकसान होईल याची कल्पना होती का, मिसाईल कुठल्या जातीचं होतं, नेमकं लागणारं की कुठेही जाऊन पडणारं, तुकड्यांवर कुठला नंबर आहे, कुठून सुटलं, आणि मग शेवटी ते सोडायला सांगितलं कोणी. हॉस्पिटल असलं तरी हे सगळं बघावं लागतं, हॉस्पिटलला कायद्याचं संरक्षण सगळ्यात जास्त असतं पण तिथूनच शत्रूवर हल्ले होत असतील तर इशारा देऊन ते काढता येतं, म्हणून तसं काही नव्हतं हेसुद्धा आपणच दाखवायचं. एकदा एका वकील बाईंना मी म्हटलं की आदेश कोणी दिला हे या कागदांवरून दिसत नाहीये. हल्ला झालेलं शहर त्यांचंच होतं. कितीतरी वेळ बोलल्याच नाहीत, खिडकीकडे बघत राहिल्या, मग खुर्ची ओढून शेजारी येऊन बसल्या आणि म्हणाल्या, कुठे भोक आहे ते दाखव. रात्रीपर्यंत बसलो आम्ही.

बाबा तुम्ही म्हणता जिंकणाऱ्याचाच न्याय असतो, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी नेत्यांवर चाललेल्या टोकियो खटल्यातले भारतीय न्यायाधीश राधाविनोद पाल यांचं उदाहरण देता. मी तुमच्याशी भांडत नाही, पालांचा प्रश्न खरा होता, पण सगळ्या आरोपींना सोडून देणं हे त्याचं उत्तर मला कधी पटलं नाही. माझ्या मते उत्तर हे की फाईल अशी लिहायची की बचाव पक्षाच्या चांगल्यातल्या चांगल्या वकिलाने उलटतपासणी घेतली तरी ती टिकली पाहिजे, आणि नियम दोन्ही बाजूंना सारखा लावायचा. म्हणूनच युक्रेन १ जानेवारी २०२५ पासून आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य झाला याचा आनंद झाला, पण स्वतःच्या नागरिकांवरच्या युद्धगुन्ह्यांच्या बाबतीत सात वर्षांची सूट मागून घेतली हे मला अजिबात आवडलं नाही. आपला देश तर सदस्यच नाहीये, तेही मला आवडत नाही.

आता आई तुझा प्रश्न, की आरोपी तर पळून गेलेत, रशियात बसलेत, मग रिकाम्या पिंजऱ्यासमोर खटला चालवून काय मिळतं. पिंजरा नेहमीच रिकामा असतो असं नाही. मे २०२२ मध्ये पहिला खटला झाला तेव्हा एकवीस वर्षांचा रशियन सार्जंट समोर बसला होता, सायकलवरून चाललेल्या ६२ वर्षांच्या निःशस्त्र माणसाला त्याने गोळी घातली होती, त्याने गुन्हा कबूल केला आणि त्या माणसाच्या बायकोची कोर्टात माफी मागितली. जन्मठेप झाली, पुढे अपिलात ती १५ वर्षांवर आली. पण बरेचसे खटले आरोपीच्या गैरहजेरीतच चालतात हे तुझं खरं आहे. मी एवढंच बघते की बोस्नियाच्या युद्धातला सर्ब नेता कराजिच याच्यावर आरोप ठेवले १९९५ मध्ये आणि तो सापडला २००८ मध्ये, तेरा वर्षं हाती लागला नाही, त्याचा सेनापती म्लादिच तर सोळा वर्षं. सापडले तेव्हा कागद तयार होते. त्याच युद्धात बोस्नियाच्या राजधानीला, सारायेव्होला, सर्ब फौजांनी घातलेल्या वेढ्यातला सेनापती गॅलिच, त्याने स्वतः बंदूक चालवली असा आरोपच नव्हता, महिनोन्‌महिने नागरिकांवर होणारे स्नायपरचे आणि तोफांचे हल्ले एकाच पद्धतीचे होते आणि ते त्याच्या हुकमतीत होते हे पुराव्याने दाखवलं, २००३ मध्ये २० वर्षं झाली आणि २००६ मध्ये अपिलात जन्मठेप. तो निकाल मी इतक्यांदा वाचलाय की पानं पाठ झालीत, कारण आम्हाला इथे तेच दाखवायचंय, एकेक हल्ला नाही, पद्धत.

आणि अजून एक, जे मला कुठल्याच निकालात वाचायला मिळालं नाही. ज्या दिवशी मी तुला ॲम्ब्युलन्स म्हणाले, त्याच दिवशी दुपारी एक आजी आपला जबाब ऐकायला आल्या होत्या. गाव, नाव काही सांगत नाही. दुभाषी मला हळू आवाजात सांगत होता, आणि वकील त्यांचाच जबाब त्यांना वाचून दाखवत होते, मुलगा फाटकापाशी पडलेला आढळला. आजींनी हात वर केला. म्हणाल्या, पडलेला नव्हता, बसलेला होता, भिंतीला टेकून. वकिलांनी खोडलं आणि दुरुस्त केलं. आजींनी ते वाक्य पुन्हा वाचायला लावलं, नीट ऐकलं, मग सही केली. आरोपी कधी पकडला जाईल हे त्यांनी विचारलंच नाही. कायद्याच्या दृष्टीने पडलेला आणि बसलेला यात फार फरक पडेलच असं नाही, पण त्यांच्यासाठी तेवढंच उरलं होतं, ते तरी बरोबर लिहिलं जावं. आणि संध्याकाळी सायरन झाला, मी स्वतः भिंतीला टेकून बसलेली, आणि तुझा फोन आला. काय बोलणार होते मी. ॲम्ब्युलन्स म्हणाले.

अजून एक गोष्ट लपवली होती. कॉन्ट्रॅक्ट संपत आलंय असं मी तुम्हाला सांगत होते, पण मी अजून एक वर्षासाठी सही केलीये, तीन आठवडे झाले. आधी विचारायला हवं होतं. तुम्ही नको म्हणाला असतात आणि मग मला सही करता आली नसती, हे खरं कारण. आई, तू रागावशील, रागाव, पण बीपीची गोळी चुकवू नकोस.

सुट्टीवर यायला उशीर का होतो तेही ऐका. २४ फेब्रुवारी २०२२ पासून इथून प्रवासी विमानं उडत नाहीत, त्यामुळे आधी रात्रभर ट्रेनने पोलंड गाठायचं आणि मग तिथून विमान. घरून निघताना पण रात्री बारा ते पाच कर्फ्यू असतो तो सांभाळूनच निघावं लागतं. रोज सकाळी नऊ वाजता इथे युद्धात गेलेल्यांसाठी एक मिनिट शांतता पाळतात, रस्त्यात चालणारे लोकही थांबतात, मीही थांबते. माझ्या घड्याळात नऊ वाजतात तेव्हा तुमच्याकडे आत्ता उन्हाळ्यात साडेअकरा असतात. तेव्हा मी सुखरूप ऑफिसच्या वाटेवर आहे असं समजत जा.

रविवारी फोन करते. मागे काही आवाज आला तर विचार आई, जो असेल तो सांगेन.

तुमची
लेक